एआय चॅटबॉट वापरायचा कसा? त्याला माहिती मागू नका, माहिती द्या

२०२५ च्या उत्तरार्धात भारतातल्या मोबाइल ग्राहकांवर एआयचा अक्षरशः पाऊस पडला. जुलैमध्ये एअरटेलने आपल्या ग्राहकांना पर्प्लेक्सिटी प्रो वर्षभर मोफत देऊ केलं. ३० ऑक्टोबरला जिओने गूगल जेमिनीचा प्रो प्लॅन १८ महिन्यांसाठी मोफत जाहीर केला, आणि सुरुवात केली ती १८ ते २५ वयाच्या ग्राहकांपासून. ४ नोव्हेंबरपासून ओपनएआयने चॅटजीपीटी गो वर्षभरासाठी फुकट केलं. हाच प्लॅन ऑगस्टमध्ये महिना ३९९ रुपयांना बाजारात आला होता. आणि व्हॉट्सअ‍ॅपमध्ये मेटा एआयचं ते गोल चिन्ह तर न मागताच येऊन बसलंय.

म्हणजे हजारो रुपयांची म्हणून सांगितली जाणारी सेवा तुमच्या खिशात आली. फक्त एक गोष्ट कोणीच दिली नाही, ती म्हणजे वापरायचं कसं हे सांगणारं पान. त्यामुळे बहुतेक जण काय करतात? गूगलवर जसं शोधायचे तसंच इथे टाकतात. "स्कॉलरशिपची शेवटची तारीख", "डोकेदुखीवर गोळी", "एमपीएससीचा सिलॅबस". उत्तर छान, स्वच्छ, मुद्देसूद येतं. आणि तिथेच घोळ होतो, कारण छान दिसणारं उत्तर बरोबर असेलच असं नाही.

या लेखात एकच सवय लावून घ्यायची आहे. चॅटबॉटला माहिती मागण्याऐवजी, आपल्याकडची माहिती त्याला द्यायची आणि तिच्यावर काम करून घ्यायचं. ही एक सवय लागली तर निम्म्या चुका होणारच नाहीत. का, ते समजून घ्यायला आधी हा प्राणी आत काय करतो ते बघू.

चॅटबॉट आत नेमकं करतो काय?

तुमच्यासमोर कोणी "गणपती बाप्पा" म्हटलं की तुमच्या तोंडून आपोआप "मोरया" येतं. विचार करावा लागत नाही. लहानपणापासून हजार वेळा ऐकलंय म्हणून पुढचा शब्द तयारच असतो.

चॅटबॉटच्या मुळाशी असलेलं काम साधारण असंच आहे. त्याला पुस्तकं, वेबसाइट, लेख असा प्रचंड मजकूर दाखवून शिकवलेलं असतं की अमुक शब्दांनंतर पुढे काय येण्याची शक्यता जास्त. मग तो शब्दाचा एकेक तुकडा पुढे जोडत जातो. या तुकड्याला टोकन म्हणतात. २०१७ मध्ये गूगलच्या संशोधकांनी 'ट्रान्सफॉर्मर' नावाची रचना मांडली. चॅटजीपीटीच्या नावातला शेवटचा 'टी' तिथूनच आला. ३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी लोकांसाठी खुलं झालं आणि बाकीचं तुम्ही पाहिलंच आहे.

आता दुसरं वाक्य बघा. "आमच्या गावच्या हायस्कूलची स्थापना ____ साली झाली." इथे रिकाम्या जागेत एक साल हवं, हे त्या वाक्याच्या घडणीवरूनच कळतं. चॅटबॉटलाही ते कळतं. पण तुमच्या गावच्या हायस्कूलबद्दल त्याने कधी काही वाचलेलंच नसेल तर? अनेकदा तो शोभेल असं एखादं साल टाकून मोकळा होतो. १९६२ वगैरे. वाक्य व्याकरणाने बरोबर, सूर आत्मविश्वासाचा, आणि साल हवेतलं.

एआयच्या भाषेत याला हॅल्युसिनेशन म्हणतात. आपल्या भाषेत ठोकून देणं. सप्टेंबर २०२५ मध्ये ओपनएआयच्याच संशोधकांनी याचं एक कारण मांडलं, आणि स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांना ते लगेच पटेल. या मॉडेलांची जी चाचणी घेतली जाते, तिच्यात 'माहीत नाही' म्हटलं तर शून्य गुण आणि अंदाज बरोबर आला तर पूर्ण गुण. निगेटिव्ह मार्किंग नसलेल्या पेपरात आपण काय करतो? एकही गोल रिकामा सोडत नाही. चॅटबॉटही तेच शिकलाय.

म्हणून "माहीत नसेल तर माहीत नाही असं स्पष्ट लिही" ही ओळ प्रश्नाच्या शेवटी टाकायची सवय लावा. फरक पडतो. पण त्याला हमी समजू नका.

दोन प्रकारची कामं, आणि एकाच चष्म्यातून बघायची चूक

चॅटबॉटला दिलेली कामं दोन ढिगांत वाटता येतात.

पहिल्या ढिगात अशी कामं, जिथे लागणारी माहिती तुम्हीच दिलेली असते. हा धडा सोपा करून सांग. या पत्रातल्या चुका काढ. माझ्या नोट्सवरून दहा प्रश्न तयार कर. या दोन ऑफर लेटरमध्ये फरक काय ते तक्त्यात मांड. इथे चॅटबॉटला आठवायचं काहीच नसतं. समोर मजकूर आहे, त्याला वळण द्यायचंय. या कामात तो खरंच वाकबगार आहे. चूक झाली तरी मूळ मजकूर तुमच्याच हातात असतो, त्यामुळे ती पकडता येते.

दुसऱ्या ढिगात अशी कामं, जिथे माहिती त्याने आणायची असते. अर्जाची तारीख, योजनेची पात्रता, औषधाचं प्रमाण, कायद्याचं कलम, तुमच्या तालुक्यातली एखादी गोष्ट. इथे तो आठवणीवर बोलतो, आणि ती आठवण जुनी, अर्धवट किंवा बनावट असू शकते.

"पण आता तर तो इंटरनेटवर शोधूनही सांगतो की!" बरोबर आहे. अनेक चॅटबॉट आता वेबवर शोध घेतात आणि उत्तराखाली दुवे देतात. त्याने नक्कीच फायदा झालाय. तरी दोन अडचणी राहतात. एक, तो उघडत असलेलं पान गेल्या वर्षीचं असू शकतं. दोन, पान बरोबर असूनही त्यातलं वाक्य तो चुकीचं समजू शकतो. म्हणून दुवा दिसला म्हणजे उत्तर पक्कं, असं नाही. दुवा उघडून त्यात ती ओळ दिसली, तर पक्कं.

यावर सोपा उपाय म्हणजे दुसऱ्या ढिगातलं काम उचलून पहिल्या ढिगात आणायचं. "महाडीबीटीवरच्या अमुक शिष्यवृत्तीला काय कागद लागतात?" असं विचारण्याऐवजी, महाडीबीटीच्या साइटवरची सूचना किंवा शासन निर्णयाची पीडीएफ उतरवून घ्या, ती चॅटबॉटला द्या आणि म्हणा: "फक्त या पीडीएफमधून सांग. मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मला कोणती कागदपत्रं लागतील? प्रत्येकापुढे पान क्रमांक लिही. पीडीएफमध्ये नसेल ते स्वतःहून भरू नकोस." प्रश्न तोच आहे. पण आता उत्तर कुठून आलं ते दिसतं, आणि पान क्रमांक असल्यामुळे दोन मिनिटांत पडताळता येतं.

विचारायचं कसं: काय, कोणासाठी, कशावरून, कसं

चॅटबॉटला दिलेल्या सूचनेला प्रॉम्प्ट म्हणतात. "शंभर जादुई प्रॉम्प्ट" वगैरे विकणारे रील्स तुम्ही पाहिले असतील. एक पैसाही घालवू नका. नवीन जॉइन झालेल्या, हुशार पण आपल्या घरचं-ऑफिसचं काहीच माहीत नसलेल्या मुलाला काम सांगताना जे सांगाल, तेच इथे सांगायचं.

समजा, एखाद्या कंपनीत इंटर्नशिपसाठी मेल लिहायचाय. बहुतेक जण टाकतात: "इंटर्नशिपसाठी मेल लिहून दे." येणारा मेल असा असतो की तो कोणीही, कुठल्याही कंपनीला पाठवू शकेल. आणि खरंच, शेकडो जण तोच पाठवत असतात. ज्याच्या इनबॉक्समध्ये तो पडतो, त्याला पहिल्या ओळीतच कळतं.

आता हे बघा: "मी सोलापूरच्या कॉलेजात डिप्लोमा मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. चाकणच्या एका ऑटो पार्ट कंपनीत उन्हाळ्यात सहा आठवड्यांची इंटर्नशिप हवी आहे. मेल एचआरला जाणार आहे. माझ्याबद्दलच्या खऱ्या गोष्टी या तीनच: वर्कशॉपमध्ये लेथवर काम केलंय, ऑटोकॅड येतं, वडिलांच्या गॅरेजमध्ये दोन वर्षं मदत केली आहे. यापलीकडे माझं कौतुक बनवू नकोस. १२० शब्दांच्या आत, साध्या इंग्रजीत लिही. लिहिण्याआधी काही विचारायचं असेल तर विचार."

यात चार गोष्टी आल्या. काय हवंय, कोणासाठी हवंय, कशाच्या आधारावर लिहायचं आणि कसं दिसायला हवं. शेवटची ओळ सगळ्यात कामाची. "आधी विचार" म्हटलं की तो तारीख, कंपनीचं काम, तुमचा प्रोजेक्ट असं काहीतरी विचारतो, आणि आपण काय सांगायचं विसरलो ते आपल्यालाच कळतं.

पहिलं उत्तर आवडलं नाही तर चॅट बंद करून निघून जाऊ नका. "दुसरा परिच्छेद फार लोणी लावल्यासारखा वाटतो, काढून टाक" असं थेट सांगा. तो रुसत नाही. पण विषय बदलला की मात्र नवी चॅट उघडा. एकाच चॅटमध्ये सकाळपासून मेल, गणित, ट्रिपचा प्लॅन आणि भावाचं भाषण असं सगळं कोंबलं, की जुन्या गोष्टी नव्या उत्तरात मिसळायला लागतात.

आणि टाइप करायचा कंटाळा आला तर माइक दाबून बोला. मराठी-इंग्रजी मिसळलेलं, रोमन लिपीत लिहिलेलं मराठीही चालतं. शुद्धलेखनासाठी इथे गुण कापले जात नाहीत.

घरातलं एक उदाहरण: वीजबिल

पहिल्यांदा वापरताना अशा कामापासून सुरुवात करा, ज्याचं उत्तर तुम्हाला तपासता येईल. महावितरणचं वीजबिल यासाठी झकास. त्यात स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, वीज शुल्क असे शब्द असतात आणि घरात बहुतेकांनी ते कधी वाचलेले नसतात.

बिलाचा फोटो काढा. नाव, पत्ता, ग्राहक क्रमांक आणि मोबाइल क्रमांक झाकून टाका. मग विचारा: "या बिलातला प्रत्येक आकार म्हणजे काय, ते माझ्या आजीला समजेल अशा मराठीत सांग. रक्कम बिलात आहे तशीच लिही. कुठला आकडा नीट वाचता येत नसेल तर तसं सांग."

तो सांगेल की वहन आकार म्हणजे वीज तारांमधून तुमच्या घरापर्यंत आणण्याचा खर्च, आणि स्थिर आकार म्हणजे वीज वापरली नाही तरी द्यावा लागणारा. आता तुमचं काम: त्याने लिहिलेले आकडे मूळ बिलाशी ताडून बघा आणि बेरीज कॅल्क्युलेटरवर करा. फोटो धूसर असेल तर तो ३ चा ८ करू शकतो. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की समजावण्यात तो किती पटाईत आहे आणि आकड्यांवर लक्ष का ठेवायचं, या दोन्ही गोष्टी एकदमच कळतात.

अभ्यासात वापरताना

इथे खरा पणाला लागलेला मुद्दा आहे, त्यामुळे स्पष्ट बोलूया. असाइनमेंट चॅटबॉटकडून लिहून घेतली तर असाइनमेंट होते, अभ्यास होत नाही. राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आहे. म्हणजे पर्यायांचे गोल रंगवायचे नाहीत, स्वतःच्या शब्दांत उत्तर लिहायचं. परीक्षेच्या हॉलमध्ये सोबत पेन असतं, चॅटबॉट नसतो. नोकरीच्या मुलाखतीतही तेच.

मग वापरायचाच नाही का? वापरा, पण उलट्या दिशेने. त्याला लिहायला लावू नका, तुम्हाला प्रश्न विचारायला लावा. पुस्तकातल्या धड्याचे फोटो द्या आणि सांगा: "यावर मला एकेक प्रश्न विचार. मी उत्तर देईपर्यंत पुढे जाऊ नकोस. चुकलं तर लगेच उत्तर सांगू नकोस, आधी एक इशारा दे." शिकवणी लावणं परवडत नसलेल्या मुलासाठी ही मोठी गोष्ट आहे. रात्री अकरा वाजता तोच प्रश्न पाचव्यांदा विचारला तरी समोरचा वैतागत नाही.

उत्तर लिहायचा सराव करताना आधी तुम्ही लिहा. मग ते टाका आणि म्हणा: "हे पुन्हा लिहून देऊ नकोस. फक्त सांग, कुठे मुद्दा सुटला, कुठे उदाहरण हवं होतं, कुठे उगाच पाल्हाळ लावलंय." दुरुस्ती तुमच्या हातानेच करा. काम संपल्यावर स्वतःला एक प्रश्न विचारा: फोन बाजूला ठेवून हे मी मित्राला समजावू शकतो का? नाही आलं, तर अभ्यास फोनचा झाला, तुमचा नाही.

मराठीत विचारावं की इंग्रजीत?

जून २०२४ मध्ये जेमिनीचं अ‍ॅप भारतात नऊ भारतीय भाषांसह आलं, त्यात मराठी होती. बाकीचे चॅटबॉटही मराठी समजतात आणि लिहितात. पण इंटरनेटवर मराठी मजकूर इंग्रजीच्या मानाने फारच कमी, त्यामुळे त्यांचं मराठी अनेकदा इंग्रजीतून उतरवल्यासारखं येतं. "मला आशा आहे की हा मेल तुम्हाला चांगल्या स्थितीत सापडेल" असं वाक्य आपल्यात कोणी लिहितं का? मधूनच 'जानकारी', 'उपलब्ध करवून' असं हिंदीही डोकावतं.

यावर उपाय दोन. पहिला, तुम्हीच लिहिलेला एखादा परिच्छेद नमुना म्हणून द्या आणि "या बोलीत लिही" म्हणा. दुसरा, कार्यालयीन शब्द तुम्हीच पुरवा. अधिवास प्रमाणपत्र, फेरफार, ना हरकत दाखला असे शब्द मूळ फॉर्मवर जसे छापलेत तसेच द्या, म्हणजे तो स्वतःचे प्रतिशब्द बनवणार नाही. तलाठी कार्यालयात द्यायच्या अर्जात एक चुकीचा शब्द गेला, तर हेलपाटा तुम्हालाच पडतो.

समजून घेण्यासाठी मराठीत विचारा, त्यात कमीपणा नाही. पण एखाद्या तांत्रिक विषयाचं मराठी उत्तर उथळ वाटलं, तर तोच प्रश्न इंग्रजीत विचारायला सांगून उत्तर मराठीत मागा. बऱ्याचदा फरक दिसतो.

"हे खरं आहे का?" असं त्यालाच विचारू नका

२०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टात एका विमान कंपनीविरुद्धच्या खटल्यात वकिलांनी जुन्या निकालांचे दाखले दिले. ते निकाल अस्तित्वातच नव्हते, चॅटजीपीटीने रचलेले होते. गंमत म्हणजे वकिलाने चॅटजीपीटीलाच विचारलं होतं की हे खटले खरे आहेत ना? त्याने हो म्हटलं. न्यायाधीशांनी ५,००० डॉलरचा दंड केला.

हे अमेरिकेत घडलं म्हणून हसून सोडू नका. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आयकर विभागाची एक आकारणी रद्द केली. तिच्यात आधार म्हणून दिलेले तीन निकाल अस्तित्वातच नव्हते. एआयच्या या काळात यंत्रणेने समोर ठेवलेल्या निकालांवर फार विसंबलं जातं, पण वापरण्याआधी ते पडताळायलाच हवेत, असं न्यायालयाने बजावलं.

शिकलेली, जबाबदार पदावरची माणसं जर फसत असतील, तर आपण काय करायचं? कुठलंही उत्तर वापरण्याआधी एवढंच विचारा: हे चुकलं तर माझं काय जाईल?

काहीच जाणार नसेल, जसं वाढदिवसाचा संदेश, रीलची कॅप्शन, तर बिनधास्त वापरा. थोडी नाचक्की होणार असेल, जसं कॉलेजातलं सादरीकरण, तर नावं, सालं आणि आकडे तेवढे दुसरीकडे तपासा. पण पैसा, वर्ष, तब्येत किंवा कायदा यातलं काही जाणार असेल, तर चॅटबॉटचं उत्तर फक्त सुरुवात समजा. अर्जाची तारीख मूळ साइटवर बघा. औषध डॉक्टरला विचारा. फवारणीचं प्रमाण डब्यावरच्या लेबलवर वाचा नाहीतर तालुका कृषी कार्यालयात विचारा. तिथे चॅटबॉटने एक शून्य जास्त लिहिलं तर पीक त्याचं जळत नाही.

आणि चूक झाली तर जबाबदार कोण? कॅनडात एका प्रवाशाला एअर कॅनडाच्या साइटवरच्या चॅटबॉटने सांगितलं की घरच्या व्यक्तीच्या मृत्यूनंतरच्या प्रवासाची सवलत नंतरही मागता येते. ते चुकीचं होतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या न्यायाधिकरणाने कंपनीला भरपाई द्यायला लावली, कारण तो चॅटबॉट कंपनीचाच होता. पण तुम्ही एखाद्या सर्वसाधारण चॅटबॉटला दुसऱ्याच कार्यालयाचे नियम विचारलेत आणि तारीख चुकली, तर त्या कार्यालयात जाऊन "एआयने सांगितलं होतं" म्हणून चालणार नाही.

फुकट आहे, मग देतोय काय?

कंपन्या भारतात वर्ष-दीड वर्ष फुकट का देतात? आपली लोकसंख्या मोठी, त्यात तरुण जास्त, इंटरनेट स्वस्त. एकदा हाताला सवय लागली की उद्या पैसे देणारे ग्राहक तयार. शिवाय कोट्यवधी लोक कसं विचारतात, कुठल्या भाषेत विचारतात, हेही त्यांच्यासाठी मोलाचं आहे. यात काही गुपित नाही, धंदा आहे. आपण आपली बाजू सांभाळायची.

पहिली गोष्ट, पैसे. मोफत प्लॅन घेताना कार्ड किंवा यूपीआय जोडलं असेल, तर आत्ताच यूपीआय अ‍ॅपमध्ये ऑटोपेचा विभाग उघडा आणि कुठली मंजुरी चालू आहे ती बघा. मुदत संपायच्या आठवडाभर आधीची आठवण फोनमध्ये लावून ठेवा. पुढे ठेवायचं की नाही ते तेव्हा ठरवा, पण ठरवा तुम्ही. नुसतं अ‍ॅप काढून टाकलं म्हणून पैसे कापले जाणं थांबत नाही.

दुसरी गोष्ट, तुमचा मजकूर. चॅटजीपीटीच्या सेटिंग्जमध्ये 'डेटा कंट्रोल्स' नावाच्या भागात तुमच्या चॅट मॉडेल सुधारण्यासाठी वापरू द्यायच्या की नाही, याचा पर्याय आहे. नको असेल तर बंद करा. गूगल स्वतःच सांगतं की जेमिनीतल्या काही चॅट माणसं तपासतात, त्यामुळे तपासणाऱ्याने बघू नये असं काही टाकू नका. २०२५ च्या उन्हाळ्यात लोकांनी दुवा बनवून शेअर केलेल्या काही चॅटजीपीटी चॅट चक्क गूगल सर्चमध्ये दिसायला लागल्या होत्या. नंतर कंपनीने ती सोयच काढून टाकली.

ऑफिसचं काम करत असाल तर जास्त जपा. २०२३ मध्ये सॅमसंगच्या कर्मचाऱ्यांनी कंपनीचा कोड चॅटजीपीटीत टाकला आणि कंपनीने असे चॅटबॉट वापरण्यावर बंदी घातली. आपल्या केंद्रीय अर्थमंत्रालयानेही जानेवारी २०२५ मध्ये कर्मचाऱ्यांना ऑफिसच्या कॉम्प्युटरवर अशी साधनं वापरू नका, असं सांगितलं. तुमच्या कंपनीचा नियम काय आहे, ते विचारून मगच ग्राहकांची यादी किंवा हिशेबाची फाइल टाका.

आधार, पॅन, बँक खातं, ओटीपी, पासवर्ड यातलं काहीही चॅटमध्ये नको. मैत्रिणीचा फोटो किंवा मित्राशी झालेलं खासगी बोलणं तिच्या किंवा त्याच्या परवानगीशिवाय नको. आणि मन जड झालं असेल तर एक लक्षात ठेवा. ओपनएआयचे प्रमुख सॅम ऑल्टमन यांनीच जुलै २०२५ मध्ये सांगितलं होतं की डॉक्टर किंवा वकिलाशी झालेल्या बोलण्याला असतं तसं कायद्याचं गोपनीयतेचं संरक्षण चॅटला नाही. मनातलं बोलायला माणूस हवा असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आणि चोवीस तास आहे.

मग आज सुरुवात कुठून?

आज रात्री एकच काम करा. घरात पडलेला एक कागद घ्या, जो तुम्हाला नीट समजलेला नाही. वीजबिल, विम्याची पॉलिसी, हॉस्टेलचे नियम, काहीही. ओळख पटेल असे तपशील झाका, फोटो द्या, आणि "फक्त यातूनच सांग" म्हणून समजून घ्या. मग त्याच्या उत्तरातल्या तीन गोष्टी निवडा आणि मूळ कागदावर बोट ठेवून तपासा.

तीनही बरोबर निघाल्या तर छान. एक चूक सापडली तर त्याहून छान, कारण ती सापडेपर्यंत तुम्ही विश्वास ठेवला होता की नाही, ते तुमचं तुम्हालाच कळेल. मोफत मुदत कधीतरी संपेल, अ‍ॅप बदलतील, नावंही बदलतील. कागद समोर ठेवून विचारायची आणि बोट ठेवून तपासायची सवय मात्र तुमच्याकडेच राहील, आणि तिला महिन्याचे ३९९ रुपये पडत नाहीत.